वीरगळांसाठी फोन शोधताना: प्रकल्प नोंदी

४ जानेवारी २०२५, शनिवार

आजपासून ही वही. कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते, म्हणजे पुढे फोनबद्दल जे लिहीन ते कुठल्या मापाने मोजलं हे कळेल.

वाई आणि खंडाळा तालुक्यांतल्या गावांत देवळाच्या आवारात, पारावर, ओढ्याकाठी, कुठे कुठे तर गोठ्याच्या भिंतीत वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड) आणि सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीच्या आठवणीचे दगड) आहेत. गावोगाव फिरून त्यांची छायाचित्रं घ्यायची आणि नोंद करायची. यादीत सध्या १२० दगड. आम्ही पाचजण, सगळे नोकरी-शेती सांभाळून शनिवार-रविवारी येणारे. कॅमेरा एकच, जुना डीएसएलआर. दिवाळीनंतर त्याचं शटर अडकायला लागलं. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर काका म्हणाले, "त्यात एक फोन येतो की." त्यावर सगळ्यांचंच एकमत झालं: तीन फोन घ्यायचे, प्रत्येकी २०,००० रुपयांच्या आत, म्हणजे एकाच दिवशी तीन गावं होतील.

घेण्याआधी तपासायचं. दोन फोन आजमावायला मिळालेत, दोन्ही 'फोटोसाठी खास' म्हणून विकले जाणारे. फोन अ माझ्या भाच्याचा: ५० मेगापिक्सेल, हात हलला तरी भिंग सावरून घेणारी सोय आहे. फोन ब दादाचा: १०८ मेगापिक्सेल, ती सोय नाही, किंमत तीन हजारांनी कमी. या दोन फोनांच्या कंपन्यांची नावं वहीत घेणार नाही. मॉडेल वर्षभरात दुकानातून नाहीसं होतं. काय तपासायचं ते मात्र पुढच्या खरेदीलाही उपयोगी पडेल.

५ जानेवारी, रविवार

फोनकडून आपल्याला काय हवं, यावर सकाळी चहाच्या टपरीवर तासभर बोलणं झालं.

वीरगळाची मांडणी आपल्याला पाठ आहे. खालच्या चौकटीत पडलेला वीर, गाईंसाठी लढून गेला असेल तर शेजारी गाई. त्यावर लढाईचा प्रसंग. त्यावर त्याला स्वर्गात घेऊन जाणाऱ्या अप्सरा. सगळ्यात वर शिवलिंगाची पूजा, माथ्यावर कलश, दोन बाजूंना चंद्र आणि सूर्य. आपल्याकडच्या बहुतेक वीरगळांवर अक्षर नसतं. त्यामुळे ढाल गोल की लांबट, हातात तलवार की भाला, केस मागे बांधलेले की मोकळे, याच खुणांवरून जे काय सांगता येईल ते सांगायचं. बोरिवलीजवळच्या एकसरच्या वीरगळांवर जहाजांची लढाई आहे. तिथली वल्ही मोजता येतात म्हणून तर त्या दगडांवर इतका अभ्यास होऊ शकला. फोटोत वल्ही आठ आहेत की नऊ हे कळलं नाही, तर तो फोटो कितीही देखणा असो, आपल्या कामाचा नाही.

सर (आमच्यातले दगडावरचे कोरीव लेख वाचणारे, वय ७४) एवढंच म्हणाले, "जे दगडावर आहे ते दिसलं पाहिजे. आणि जे नाही ते दिसता कामा नये." पहिल्या वाक्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्याकडे त्या वेळी कुणाचं फारसं लक्ष गेलं नाही.

१२ जानेवारी, रविवार

घरीच मोजमाप. भिंतीला स्टीलची मोजपट्टी चिकटवली, फोन एक मीटरवर ट्रायपॉडला लावला आणि फोटोत एका सेंटिमीटरला किती पिक्सेल येतात ते संगणकावर मोजलं. हे काम कंटाळवाणं वाटतं, पण फोनच्या खोक्यावर छापलेल्या सगळ्या आकड्यांपेक्षा जास्त सांगून जातं.

फोन अ च्या मुख्य कॅमेऱ्यात एक मीटरवरून साधारण १.३३ मीटर लांबी मावते. नेहमीचा फोटो ४०८० पिक्सेल लांब, म्हणजे एक पिक्सेल अंदाजे ०.३३ मिलिमीटर. चार फुटी वीरगळ एका फोटोत पूर्ण बसतो, आणि ४ सेंटिमीटर उंचीच्या अक्षराला १२० पिक्सेल मिळतात. वाचायला एवढं पुरतं.

मग ५० मेगापिक्सेल कुठे गेले? या फोनच्या सेन्सरवर (उजेड टिपणाऱ्या चिपवर) रंगांची गाळणी एकेका पिक्सेलवर नसते, शेजारच्या चार पिक्सेलांवर मिळून एकच रंग असतो. नेहमीच्या फोटोत त्या चारांचा एक करतात, म्हणून ५० चे १२.५ होतात. सोनीने २०१८ च्या जुलैमध्ये ४८ मेगापिक्सेलचा असा सेन्सर जाहीर केला. पुढच्याच वर्षी तो रेडमी नोट ७ प्रो मध्ये १३,९९९ रुपयांपासून आपल्या बाजारात आला. तेव्हापासून स्वस्त फोनवरचे आकडे फुगत गेले. फोन ब मध्ये नवाचा एक होतो, १०८ चे १२. थोडक्यात, आमच्या कामासाठी दोन्ही फोन बारा मेगापिक्सेलचेच.

पूर्ण ५० आणि १०८ चे फोटोही काढून पाहिले. भर उन्हात ५० मध्ये किंचित जास्त बारकावा मिळतो. सावलीत उलट, दगडाचा पोत मेणासारखा गुळगुळीत होतो. १०८ मध्ये तर उन्हातही फरक शोधावा लागला.

दोन्हींचा मॅक्रो कॅमेरा (अगदी जवळून फोटो काढण्यासाठीचा) २ मेगापिक्सेलचा. ४ सेंटिमीटरवरून पट्टीचा ५ सेंटिमीटरचा तुकडा १६०० पिक्सेलांत आला. मुख्य कॅमेरा १० सेंटिमीटरवर नेला तर १३ सेंटिमीटर ४०८० पिक्सेलांत. भागाकार करून पाहिला, दोन्हीकडे एक पिक्सेल ०.०३ मिलिमीटरच्या आसपास. मग सहापट मोठा भाग, चांगल्या भिंगातून, स्वतःची सावली दगडावर न पाडता मिळत असेल तर मॅक्रो वापरायचा कशाला? खोक्यावर 'तीन कॅमेरे' असं लिहायला तो आहे. आमच्या हिशेबात तो नाही असं धरलं.

सेल्फी कॅमेरा, पोर्ट्रेट, ब्यूटी: तपासले नाहीत. गरज नाही.

१८ जानेवारी, शनिवार. किकली

चंदन-वंदन किल्ल्यांच्या पायथ्याचं किकली. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की कुठून सुरुवात करावी कळत नाही. म्हणूनच चाचणीला हे गाव निवडलं.

सकाळी साडेसातपासून सव्वानऊपर्यंत काम झालं. ऊन तिरपं होतं, तेव्हा प्रत्येक आकृतीची कड सावलीने आखून दिल्यासारखी उठून दिसत होती. साडेअकराला तोच दगड, तीच जागा, तोच फोन. पण अप्सरांचे चेहरे सपाट. दगड तिथेच होता, उजेड वर चढला होता. फोनचा त्यात काही संबंध नाही, तरी लिहून ठेवते. कारण दुपारी काढलेल्या वाईट फोटोंवरून फोन नापास करण्याची चूक आमच्या हातून होणारच होती.

फोनचा संबंध आला तो वेगळ्या जागी. आपला दगड काळा. फोन मात्र समोर दिसेल ते मध्यम उजेडाचं असणार असं धरून चालतो, त्यामुळे काळा पाषाण राखाडी होतो आणि उजळलेल्या कडा पांढऱ्या पडतात. बोटाने पडद्यावर दाबून धरलं, कुलपाचं चिन्ह आलं की सूर्याची खूण खाली ओढली, तेव्हा दगड दगडासारखा दिसला. फोन अ मध्ये हे कुलूप फोटो काढल्यावरही टिकतं. फोन ब मध्ये प्रत्येक फोटोनंतर सुटतं. एका दगडाचे चाळीस फोटो काढायचे असतील तर चाळीस वेळा दाबत बसायचं. या एका गोष्टीने फोन ब माझ्या मनातून निम्मा उतरला.

अल्ट्रावाइड (जास्त रुंद दृश्य घेणारा कॅमेरा) फक्त परिसर दाखवायला वापरायचा: दगड देवळाच्या कुठल्या बाजूला, शेजारी काय. कडेला उभा असलेला वीरगळ त्यात तिरका आणि रुंद होतो. मोजमापाला चालणार नाही.

१९ जानेवारी, रविवार

आज शेंदूर.

दुसऱ्या गावात मारुतीच्या पाराशेजारी दोन वीरगळ आहेत, दोन्हींना पिढ्यान् पिढ्या शेंदूर-तेल लावलेलं. गुरवमामांना आधी विचारलं. ते म्हणाले, "फोटो काय हवे तेवढे काढा ताई, पण खरवडू नका. आमच्या आज्यानं लावलाय त्यो." खरवडायचा प्रश्नच नव्हता. दगडावर खडू फिरवणं, अक्षरात पीठ भरणं, तेल पुसणं यांतलं काहीच करायचं नाही, हे आमचं पहिल्या दिवसापासून ठरलेलं आहे. पूर्वी वाचण्यासाठी असं सर्रास करत.

दोन्ही फोनांनी शेंदराचा भगवा गोळा केला. त्या रंगात लाल इतका असतो की तांबडा भाग कमाल मर्यादेला जाऊन टेकतो. एकदा टेकला की तिथला चढउतार गेला. शिवाय फोन रंग आणखी गडद करतात, लोकांना तसं आवडतं म्हणून. फोन ब मध्ये खालच्या चौकटीतला घोडा ओळखूच येईना. शेजारी प्रत्यक्ष दगडावर तो स्पष्ट दिसत होता, लगाम धरलेला हातसुद्धा.

फोन अ मध्ये उजेड दीड पायरी खाली ओढला, रंगांची 'व्हायब्रंट' सेटिंग बंद केली. घोडा परत आला. लगाम अजून नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

लगामाच्या मागे लागल्यामुळे कच्च्या फाइलपर्यंत पोचलो, म्हणजे ज्याला रॉ म्हणतात ती. सेन्सरने जे टिपलं ते बऱ्याच अंशी तसंच. फोनने गुळगुळीत न केलेलं, कडा न खेचलेलं.

फोन अ च्या स्वतःच्या अॅपमध्ये प्रो मोडला रॉ मिळतं. ओपन कॅमेरा हे फुकट अॅप टाकलं, त्यातही मिळालं. फोन ब चं अॅप रॉ देत नाही, आणि बाहेरच्या अॅपलाही द्यायला तयार नाही. अँड्रॉइडमध्ये २०१४ पासून ही सोय आहे, पण एखाद्या मॉडेलमध्ये ती उघडी ठेवायची की नाही हे बनवणारा ठरवतो. दुकानातला मुलगा हे सांगू शकत नाही, खोक्यावरही नसतं. अॅप टाकून पाहणे हाच उपाय.

कच्च्या फाइलमधून लगाम दिसला. हातातलं कडंही दिसलं.

आता हिशेब. एक कच्ची फाइल २५ एमबी. १२० दगड, प्रत्येकी ४० फोटो, म्हणजे ४,८०० फोटो आणि १२० जीबी. फोनची सगळी जागा १२८ जीबी, त्यात मोकळी शंभराच्या आत. म्हणून ठरवलं: अक्षर असलेले आणि शेंदूर असलेले दगड कच्च्या फाइलमध्ये, बाकीचे नेहमीच्या जेपीईजीत. रोज संध्याकाळी घरी आल्यावर हार्ड डिस्कवर, आणि काकांकडे दुसरी प्रत.

९ फेब्रुवारी, रविवार

आजची नोंद सविस्तर लिहिते.

यादीतल्या ३७ नंबरच्या दगडावर लेख आहे. (गाव इथे लिहीत नाही. दगड उघड्यावर आहे, आणि वाचन अजून पक्कं नाही.) पाच ओळी, देवनागरी, झिजलेली. वर चिंचेची सावली, म्हणून दिवसाही उजेड कमी. पोचायला उशीर झाला, साडेपाच वाजून गेले होते. आमच्यातल्या कॉलेजच्या मुलीने फोन ब वर नाइट मोड लावून फोटो काढला आणि ओरडलीच, "ताई, वाचता येतंय!"

खरंच येत होतं. डोळ्यांना जे नुसतं खरबरीत दिसत होतं, ते पडद्यावर अक्षर होऊन आलं होतं. कडा कशा टाकीने आत्ताच मारल्यासारख्या. चौथ्या ओळीत तिसरं अक्षर 'द', त्याला काना, 'दा'. पुढे एक अक्षर अस्पष्ट, मग 'न'. सगळ्यांच्या मनात एकच शब्द आला: दान. मधलं अक्षर काही का असेना, दानलेख म्हणजे मोठी गोष्ट. मला वाटतं त्या पाच मिनिटांत आम्ही सगळ्यांनी मनातल्या मनात तो लेख वाचून टाकला होता.

सर तेवढे गप्प. त्यांनी चष्मा काढला, दगडापुढे उकिडवे बसले आणि तर्जनीचं टोक 'द' वरून फिरवलं. डोक्यावरची रेघ, वळण, शेपूट. बोट प्रत्येक ठिकाणी चरात उतरत होतं. मग ते उजवीकडे सरकले, जिथे पडद्यावर काना होता. तिथे बोट उतरलं नाही. पुन्हा फिरवलं. वरून खाली, मग आडवं. मला म्हणाले, "बघ तू." मी फिरवलं. गार, खरखरीत दगड, चर नाही. एक बारीक केसासारखी भेग, आणि भेगेच्या एका बाजूला दगडावर वाढलेल्या पांढुरक्या बुरशीची कड.

फोनने त्या कडेचा काना केला होता.

१० फेब्रुवारी, सोमवार

कामावरून आल्यावर रात्री फाइली उघडल्या.

हे कसं होतं ते समजून घ्यायला हवं. कमी उजेडात फोन एक फोटो काढत नाही. एकापाठोपाठ अनेक काढतो, एकमेकांवर बसवतो आणि सरासरी घेऊन दाणे (कमी उजेडात फोटोत उमटणारे ठिपके) घालवतो. गुगलने २०१८ मध्ये पिक्सेल ३ या फोनच्या वेळी नाइट साइट नावाने आपला नाइट मोड आणला, तेव्हापासून ही पद्धत सगळीकडे झाली. आज १५,००० च्या फोनमध्येही ती आहे, आणि माणसांच्या, घरच्या कार्यक्रमांच्या फोटोंसाठी ती खरोखर मोठी देणगी आहे. इथपर्यंत त्यात खोटं काही नाही. अनेक फोटोंची सरासरी उलट जास्त विश्वासाची. खोट पुढे येते. दाणे घालवताना बारीक पोतही जातो. मग चित्र मऊ दिसू नये म्हणून फोन कडा शोधतो आणि त्या खेचून काळ्या-पांढऱ्या करतो. कुठली कड छिन्नीची, कुठली बुरशीची, हे त्याला माहीत असायचं कारण नाही. त्याला कड म्हणजे कड. काही फोन त्याच्याही पुढे जातात आणि शिकवून ठेवलेल्या नमुन्यांवरून बारकावा भरतात. २०२३ च्या मार्चमध्ये सॅमसंगच्या फोनने काढलेल्या चंद्राच्या फोटोंवरून जो वाद झाला तो यावरच होता.

फोन अ ची कच्ची फाइल (काल सगळे फोन ब भोवती जमले असताना काकांनी शांतपणे ट्रायपॉड लावून घेतलेली, त्यांचे आभार) त्याच जागी मोठी करून पाहिली. दाणेदार, फिकट, पहिल्या नजरेला निरुपयोगी. पण 'द' चा चर आणि ती पांढुरकी कड यांत फरक दिसतो. चराच्या एका बाजूला उजेड, दुसऱ्या बाजूला सावली. कडेला दोन्ही बाजू नाहीत, नुसता रंग बदलतो.

मला याचं खूप वाईट वाटलं, आणि थोडी भीतीही. आम्ही सरांशिवाय गेलो असतो तर 'दा' लिहिलं असतं. फोटोच पुरावा म्हणून जोडला असता. दहा वर्षांनी दगड आणखी झिजल्यावर कुणी बोट फिरवून पाहू शकलं नसतं, आणि तो काना खरा झाला असता. मराठीच्या जुन्या कोरीव लेखांत अलिबागजवळच्या अक्षीच्या शके ९३४ च्या लेखाचं नाव पहिल्या काहींत घेतात. असे लेख हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. त्यांत एक काना, एक मात्रा, कालगणनेचा एक आकडा इकडचा तिकडे झाला तर व्याकरण बदलतं, शतकही बदलतं.

सरांचं ५ जानेवारीचं दुसरं वाक्य वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहून ठेवलं.

१६ फेब्रुवारी, रविवार

पुन्हा ३७ नंबर. या वेळी चाचणी काय करायची ते ठरवून गेलो.

फोन अ ट्रायपॉडवर, दगडाच्या समोर. फोकस आणि उजेड दोन्हींना कुलूप. फोनला हात लागू नये म्हणून दोन सेकंदांचा टायमर. झाडाखाली अंधार पडेपर्यंत थांबलो. मग शेतात वापरतात ती साधी बॅटरी (२५० रुपयांची) दगडाच्या पातळीला जवळजवळ चिकटवून, आधी डावीकडून, मग वरून, मग उजवीकडून, मग खालून. बॅटरी दर वेळी सारख्याच अंतरावर राहावी म्हणून तिला सुतळी बांधली. सुतळीचं दुसरं टोक गुरवमामांचा नातू लेखाच्या मध्याशी धरायचा, फोटोच्या क्षणी सोडायचा. दुसऱ्या फेरीपासून तर "सोडू का?" असं न विचारता तो टायमरच्या टिकटिकीवर सोडायला लागला.

चार फोटो एकामागोमाग एक पाहिले. 'द' ची सावली उजेडाबरोबर फिरते. उजेड डावीकडून, तर चराची डावी कड काळी. उजवीकडून, तर उजवी. काना मात्र चारही फोटोंत जागचा हलत नाही, फक्त फिका-गडद होतो. चर असेल तर सावली बाजू बदलते. डाग असेल तर बदलत नाही. इतकी साधी परीक्षा, आणि वीस हजारांच्या फोनवर, अडीचशे रुपयांच्या बॅटरीवर होते.

हीच कल्पना पुढे नेली तर त्याचं शास्त्र होतं. २००१ मध्ये ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत टॉम माल्झबेंडर आणि सहकाऱ्यांनी ती मांडली: कॅमेरा जागचा हलवायचा नाही, उजेड अनेक दिशांनी टाकत फोटो घ्यायचे, आणि मग संगणकावर उजेड हवा तिकडून फिरवत पृष्ठभाग पाहायचा. उजेड कुठून आला हे कळावं म्हणून चौकटीत एक चकचकीत काळा गोळा ठेवतात. त्यावर उमटणाऱ्या ठिपक्यावरून दिशा काढतात. आम्ही काळी काचेची मोठी गोटी ठेवली. ४८ फोटो, सव्वा तास. फोनची बॅटरी ८१ वरून ६३ टक्क्यांवर.

हीच चाचणी फोन ब वर करता आली नाही. कुलूप सुटतं, त्यामुळे प्रत्येक फोटोचा उजेड वेगळा. तिथे त्याचा विषय संपला. दादाला मी तसं सांगितलं. तो म्हणाला, "माझ्या पोरीच्या बारशाचे फोटो मात्र एक नंबर आलेत." ते खरंच आहे, मी पाहिलेत.

२३ फेब्रुवारी, रविवार

त्रिमिती प्रतिकृतीचा प्रयत्न. दगडाभोवती फिरत ६२ फोटो, प्रत्येक फोटोत आधीच्याचा किमान दोन-तृतीयांश भाग येईल असे. घरी मेशरूमवर (फोटोंतून त्रिमिती प्रतिकृती बनवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) रात्रभर लावून ठेवलं.

पहिल्या वेळी प्रतिकृती मधेच वाकली. शोध घेतल्यावर दोन शंका आल्या. एक, भिंग सावरणारी सोय: ती भिंग किंचित सरकवते, त्यामुळे प्रत्येक फोटोची भूमिती जराशी वेगळी. दोन, मी काही फोटो दुप्पट झूमने घेतले होते आणि सगळे एकाच ढिगात टाकले. दुसऱ्या वेळी झूम अजिबात नाही, फोन ट्रायपॉडवर, प्रत्येक जागी थांबून. या वेळी सरळ आली. मोजपट्टीशी ताडून पाहिली तर १.१ मीटरच्या दगडात ३ मिलिमीटरचा फरक. आकृत्यांसाठी पुरे. अक्षरांसाठी नाही, तिथे चार दिशांच्या उजेडाचीच पद्धत.

९ मार्च, रविवार

किरकोळ पण लिहायला हवं असं.

दुपारी दोनला फोन अ तापला, पडदा आपोआप मंद झाला, उन्हात काही दिसेना. पाच मिनिटं ओल्या रुमालाच्या सावलीत ठेवल्यावर चालू. एप्रिलमध्ये अकरा ते चार काम बंद ठेवावं लागेल. उजेडाच्या दृष्टीनेही ते बरंच.

फोटो व्हॉट्सअॅपवर नेहमीसारखे पाठवायचे नाहीत. लहान होतात आणि आतली जागेची, वेळेची नोंद पुसली जाते. पाठवायचेच तर 'डॉक्युमेंट' म्हणून. दोन रविवारचे फोटो आमच्यातल्या एकाने असे पाठवून मूळ फाइली पुसल्या. २३ नंबरच्या दगडावर पुन्हा जावं लागणार आहे.

फोटोवर फोनचं नाव, तारीख छापणारा शिक्का बंद करणे. पहिल्याच दिवशी करणे.

२३ मार्च, रविवार

खरेदी झाली. फोन अ चंच मॉडेल, तीन नग, १९,००० च्या आसपास एकेक. पैसे देण्याआधी दुकानाच्या काउंटरवर प्रत्येकात ओपन कॅमेरा टाकला, रॉ मिळतं का पाहिलं, कुलूप टिकतं का पाहिलं, आणि स्टीलच्या पट्टीचा एकेक फोटो काढून चारही कोपरे मोठे करून पाहिले. एकाचा उजवा वरचा कोपरा पुसट निघाला. भिंग किंचित तिरकं बसलेलं असावं. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला.

तिन्हींत एआय, ब्यूटी, व्हायब्रंट बंद. लेखाच्या दगडांवर नाइट मोड वापरायचा नाही. वापरलाच तर फाइलच्या नावापुढे 'रात्र' लिहायचं, आणि ती वाचनाला धरायची नाही.

६ एप्रिल, रविवार

३७ नंबरची नोंद सरांनी आज त्यांच्या अक्षरात पक्की केली. "ओळ ४: तिसरे अक्षर द. त्यानंतर काही छायाचित्रांत कान्यासारखी रेघ दिसते, ती कोरलेली नाही. भेग व बुरशी. पुढील अक्षर अवाच्य. त्यानंतर न." खाली तारीख, आणि चार दिशांच्या फोटोंचे क्रमांक. फोन ब चा तो सुंदर फोटोही पुसलेला नाही. त्याच पाकिटात ठेवलाय, नावापुढे 'रात्र' लिहून.

पावसाच्या आत ३१ दगड उरलेत. गुरवमामांच्या नातवाला त्याच्या हातातल्या सुतळीसकट एक फोटो हवाय, मोठा, भिंतीवर लावायला. तो पुढच्या रविवारी घेऊन जायचा.